मनासाठी नामजप: कसा सुरू करावा, कुठे बिघडतो आणि डॉक्टर कधी गाठावा

मन खचलं, झोप उडाली, घरातलं कुणी गेलं की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: देवाचं नाव घे. सल्ला चांगलाच आहे, पण अर्धा आहे. नाव किती वेळ घ्यायचं, कोणत्या पद्धतीने, एकट्याने की चारचौघांत, आणि नुसत्या नामाने भागत नाही हे कशावरून ओळखायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. मग माणूस तीन दिवस माळ ओढतो, मन काही शांत होत नाही, आणि आपली भक्तीच कमी पडते असं वाटून आणखी खचतो.

इथे वारकरी वळणाचा नामजप आणि हरिपाठ धरून सांगितलं आहे. त्याला खर्च नाही, खास जागा नको, आणि मराठी घरात निदान त्याचा सूर तरी कानावरून गेलेला असतो. तुमचं उपास्य वेगळं असेल, तुम्ही नवकार म्हणत असाल, तस्बीह किंवा रोझरी फिरवत असाल, तरी पायऱ्या याच राहतील.

जपाने नेमकं काय होतं

तीन गोष्टी होतात. पहिली श्वासाची. ठरावीक लांबीचं नाम सावकाश म्हटलं की श्वास आपोआप संथ होतो. इटलीतले संशोधक लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी प्रौढांवर केलेला अभ्यास २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. रोझरीची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणी पद्मे हूं’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाची लय व रक्तदाब यांचा ताळमेळ सुधारला. धर्म दोन, भाषा दोन, पण शरीराने दोन्हींना सारखाच प्रतिसाद दिला.

दुसरी गोष्ट विचारांच्या घोकंपट्टीची. चिंता आणि उदासी दोन्हींत मन एकच वाक्य शंभरदा उगाळत असतं: “मी तेव्हा असं का बोललो”, “आता काय होईल”. जीभ, कान आणि बोटं एकाच वेळी नामाला लावली की त्या वाक्याला जागा कमी उरते. तिसरी गोष्ट मोजता येत नाही, पण सगळ्यांत खोल जाते: आपल्यापेक्षा मोठं कुणीतरी आपल्यासोबत आहे हा आधार. या तिसऱ्या गोष्टीतच सर्वांत जास्त बळ आहे आणि सर्वांत जास्त बिघाडही तिथेच होतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

पहिले चार आठवडे

वेळ आधी ठरवा, संख्या नंतर. रोजच्या एखाद्या पक्क्या सवयीला जप जोडा: आंघोळ झाल्यावर चहाच्या आधी, किंवा दिवेलागणीला निरांजन लावल्यावर. “वेळ मिळेल तेव्हा” म्हणून सुरू केलेला जप आठवडाभरात सुटतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. गुडघे दुखत असतील तर खुशाल खुर्चीवर बसा, फक्त दोन्ही तळपाय जमिनीला टेकलेले हवेत आणि पाठ ताठ, पण आवळलेली नको.

माळ १०८ मण्यांची, तुळशीची असली तर उत्तम. ती मधल्या बोटावर घेऊन अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी बाजूला ठेवायची. मेरुमणी (माळेच्या जोडावरचा मोठा मणी) आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवून परत निघायचं. माळ नसेल तर चार बोटांची बारा पेरं अंगठ्याने मोजा. अशा नऊ फेऱ्यांत १०८ होतात. बसमध्ये, ऑफिसात किंवा हॉस्पिटलच्या बाकावर ही रीत फार उपयोगी पडते.

आता श्वास. नाकाने सावकाश श्वास घ्या, मनात चारपर्यंत मोजत. मग सोडता सोडता “राम कृष्ण हरि” एकदा, ओढून, साधारण सहा सेकंदांत संपेल असं म्हणा. एका मण्याला दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा मणी. २७ मण्यांना साडेचार मिनिटं, ५४ ला नऊ, पूर्ण माळेला अठरा. भराभरा ओढलेल्या दहा माळांपेक्षा अशी एक माळ मनाला जास्त उपयोगाची. घाईच्या जपात श्वास उथळच राहतो आणि छातीतली धडधड जशीच्या तशी.

बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, तर तुम्ही श्वास फार खोल ओढताय. श्वास संथ हवा, मोठा नको. दमा असेल तर चार-सहाचा हट्ट सोडा. तीन घेताना, चार सोडताना एवढंही पुरे.

पहिला आठवडा फक्त २७ मणी. दुसऱ्यात ५४. तिसऱ्या आणि चौथ्यात पूर्ण माळ. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी अकरा माळांचा संकल्प सोडू नका. खचलेल्या मनाला मोडलेला संकल्प फार लागतो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचा नाही, नेहमीएवढाच. देवाच्या दारी थकबाकी साचत नाही.

पहिले दोन आठवडे जप मोठ्याने करा, निदान स्वतःच्या कानाला ऐकू जाईल इतका. जुन्या ग्रंथांत मानसिक जप श्रेष्ठ सांगितला आहे, पण तो स्थिर मनासाठी. बेचैन माणसाने तोंड मिटून जप सुरू केला की आतल्या आत चिंताच बोलत राहते आणि नाम तिच्याखाली दबतं. शिवाय मोठ्याने म्हटलं की उच्छ्वास आपसूक लांबतो.

मन भरकटणार. अठरा मिनिटांत ते पन्नास वेळा बाहेर गेलं तरी त्यात वावगं काही नाही. गेल्याचं लक्षात आलं की मनात एवढंच म्हणा, “विचार आला”, आणि बोटात जो मणी असेल तिथून पुढे चला. पहिल्या मण्यावर परत जायचं नाही. हा नियम किरकोळ वाटेल, पण पुढे ज्या आजाराबद्दल लिहिलं आहे त्यापासून तो वाचवतो.

एक साधी वही ठेवा. तारीख, रात्री किती तास झोप झाली, जपाआधी बेचैनी दहापैकी किती, जपानंतर किती. एवढे चार रकाने. दोन आठवड्यांनी आकडे बघा. जपानंतरची बेचैनी एक-दोन अंकांनी उतरत असेल तर पद्धत लागू पडते आहे. आकडा हललाच नाही किंवा चढला, तर वेळ बदलून पाहा किंवा बसण्याऐवजी चालत जप करा: चार पावलांना श्वास, सहा पावलांना नाम. ज्यांना डोळे मिटून बसलं की जुना अपघात किंवा अत्याचार डोळ्यांसमोर उभा राहतो, त्यांनी डोळे उघडेच ठेवावेत, समोरच्या मूर्तीकडे किंवा दिव्याकडे बघत, आणि शक्यतो घरात कुणी असताना बसावं.

झोपेसाठी जप करत असाल तर अंथरुणात नको. झोपायच्या अर्धा तास आधी, दिवा मंद करून, खुर्चीत बसून करा आणि मग आडवे व्हा. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा आणि झोप आली की परत जा. “झोप लागेपर्यंत नाम घेत पडून राहीन” असं ठरवलं की नाम झोपेची परीक्षा होऊन बसतं आणि झोप आणखी लांब जाते.

अचानक घाबरं होतं, छाती धडधडते, आता मरणार असं वाटतं, त्या वेळी मण्यांच्या हिशेबात पडू नका. डोळे उघडे, पाय जमिनीवर घट्ट, आणि आवाज काढून लांब उच्छ्वासात नाम. अशी लाट बहुधा दहा मिनिटांत शिखर गाठते आणि उतरते. मात्र असं पहिल्यांदाच होत असेल, छातीत कळ असेल, घाम फुटला असेल किंवा हात, जबडा दुखत असेल, तर आधी ईसीजी, मग बाकीचं. आणि खिशात माळ नसली तर घराबाहेर पडवतच नाही अशी वेळ आली असेल, तर माळेने भीती कमी केलेली नाही, तिला आसरा दिला आहे. अशा वेळी जवळच्या वाण्याकडे मुद्दाम माळेशिवाय जाऊन या, मग जरा लांब जा.

देवाशी नातं कसं आहे, हे तपासा

धर्म आणि ताण यांवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांचं म्हणणं इथे फार कामाचं आहे. श्रद्धा आहे की नाही एवढं विचारून भागत नाही, ती संकटात कशी वापरली जाते ते बघावं लागतं. त्यांच्या गटाने हॉस्पिटलात दाखल असलेल्या, ५५ वर्षांपुढच्या ५९६ रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला आणि २००१ साली निष्कर्ष मांडले. “देवाने मला टाकलं”, “देवाचं माझ्यावर प्रेम उरलं नाही”, “हे सैतानाचंच काम” असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. आजाराची तीव्रता आणि मनाची स्थिती हिशेबात धरूनही हे नातं टिकलं. कारण आणि परिणाम यांचा हा पक्का पुरावा नव्हे, पण इशारा म्हणून तो गंभीरपणे घ्यायला हवा.

आपल्याकडे हीच वाक्यं वेगळ्या वेषात येतात. “कुलदैवताचं काहीतरी राहिलं असणार.” “मागच्या जन्मीचं पाप.” “नवस फेडला नाही म्हणून पोराला हे झालं.” जपाला बसताना मनात यांपैकी एखादं वाक्य असेल तर प्रत्येक मणी दंड भरल्यासारखा ओढला जातो. असा जप कितीही करा, मन सैल होत नाही. स्वतःला विचारा: मी नाम घेतो ते भीतीने की ओढीने? उत्तर भीती असेल तर जप वाढवू नका. आधी त्या भीतीबद्दल कुणाशी तरी बोला: समुपदेशक, डॉक्टर, किंवा धाक न घालणारे एखादे जाणते कीर्तनकार.

देवावर राग असेल तर तो लपवू नका. वारकरी परंपरेत याला पूर्ण मुभा आहे. नामदेव, जनाबाई, तुकाराम सगळेच विठोबाशी भांडले आहेत, आणि त्यांच्या भांडणाचे अभंग आजही देवळात टाळ-मृदंगावर गायले जातात. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. दुकान बुडालं, मानहानी झाली. हे सगळं त्यांनी आपल्या अभंगांत आडपडदा न ठेवता सांगितलं आहे. तेव्हा आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, कागदावर देवाला थेट लिहा: “विठ्ठला, माझी तक्रार आहे...” शुद्धलेखन नको, शेवट गोड करायची गरज नाही. लिहून झालं की नेहमीचा जप. कागद ठेवायचा की फाडायचा, तुमची मर्जी.

पार्गमेंट यांनीच संकटात देवाशी वागण्याच्या तीन रीती सांगितल्या: सगळं स्वतःच करणं, सगळं देवावर टाकणं, आणि देवासोबत मिळून करणं. तिसरी रीत सहसा सर्वांत मानवते. ती रोजच्या व्यवहारात आणायची तर कागदाचे दोन रकाने करा, एक “माझ्या हातात”, दुसरा “पांडुरंगाच्या हातात”. समजा आईच्या गाठीचा तपासणीचा रिपोर्ट यायचा आहे. डाव्या रकान्यात येईल: लॅबला फोन करणं, डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न लिहून काढणं, नाशिकच्या भावाला शनिवारी यायला सांगणं, विम्याची फाइल शोधणं. उजव्या रकान्यात: रिपोर्टमध्ये काय येतं, भाऊ कसा बोलतो, आई घाबरते की नाही. जपाला बसण्याआधी डावीकडचं निदान एक काम उरका. जप संपल्यावर उजवीकडची यादी मोठ्याने वाचा आणि कागद देव्हाऱ्यात ठेवा. क्रम उलटा करू नका. आधी जप आणि मग काम असं केलं की बऱ्याचदा काम राहून जातं, आणि न केलेलं काम रात्री दोनला उठवतं.

याच वळणावर एक मोठी चूक होते. घरात नवरा मारतो, भावाने जमीन लाटली, ऑफिसात छळ होतो आहे, आणि सल्ला मिळतो, “सोड सगळं देवावर, नाम घे.” नामाने सहन करायचं बळ येतं हे खरं, पण ते बळ तक्रार करायला, वेगळं व्हायला, नाही म्हणायला वापरायचं असतं. जपानंतर तुम्ही आधीपेक्षा स्पष्ट बोलू लागलात का, की जास्त गप्प झालात, हे वहीत महिन्यातून एकदा लिहा.

घरात कुणी गेलं असेल तर

दहाव्या-तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं आणि विधी माणसाला उभं ठेवतात. खरी पोकळी तेराव्यानंतर सुरू होते. म्हणून चौदाव्या दिवसापासून पुढच्या सहा आठवड्यांची आखणी आधीच करा: आठवड्यातून दोन संध्याकाळी कुणीतरी येऊन सोबत हरिपाठ म्हणेल, आणि नंतर तिथेच जेवेल. गेलेल्या माणसाचं नाव मुद्दाम काढा. “देवाला आवडतात तेच लवकर जातात” हे लेकरू गमावलेल्या आईबापांना कधीही म्हणू नका. पहिली संक्रांत, पहिली दिवाळी आणि वर्षश्राद्ध या दिवसांत उमाळा परत येतो, तेव्हा सुट्टी टाकून ठेवा. वर्ष उलटूनही दैनंदिन काम जमत नसेल, तर दुःखावर काम करणारा समुपदेशक शोधा.

एकट्याने की मंडळात

दोन्ही, पण खचलेल्या माणसाने मंडळ सोडू नये. हरिपाठाचे २७ अभंग (काही प्रतींत २८) चालीवर म्हणायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्या वेळात टाळाला हात, पावलीला पाय आणि सुराला गळा लागलेला असतो. उदासीतला माणूस पुढाकार घेऊ शकत नाही, पण चालत्या दिंडीत ओढला जाऊ शकतो. मंडळात एक जबाबदारी मागून घ्या: सतरंज्या घालणं, टाळ वाटणं, प्रसादाचं पाणी भरणं. “माझ्यावाचून अडेल” एवढी छोटी जबाबदारी अंथरुणातून उठवते.

मंडळ निवडताना बघा: तिथे तुमचं दुःख ऐकून घेतात की लगेच कारण चिकटवतात? औषधांबद्दल काय बोलतात? पैसे, दागिने, जमीन यांचा विषय निघतो का? एका व्यक्तीच्या परवानगीशिवाय निर्णय घेता येत नाहीत असं वातावरण आहे का? यांपैकी कशाचंही उत्तर खटकलं तर दुसरं मंडळ शोधा, महाराष्ट्रात त्यांची वाण नाही.

परदेशात असाल आणि व्हिडिओ कॉलवर भजन करत असाल, तर सगळ्यांनी एकदम म्हणू नका. आवाज मागेपुढे होतो आणि मेळ बसत नाही म्हणून चिडचिड होते. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी आपला माइक बंद ठेवून घरात मोठ्याने साथ द्यायची, आणि शेवटी दहा मिनिटं नुसत्या गप्पांसाठी ठेवायची. त्या गप्पांचं मोल जपाइतकंच धरा.

कुठे बिघडतं

मोजण्याचा आजार. “एक मणी चुकला, परत पहिल्यापासून.” “नाव उच्चारताना मनात घाण शब्द आला, आता शुद्ध करायला अकरा वेळा.” “असं केलं नाही तर बाबांना काहीतरी होईल.” रोज एक तासाहून जास्त वेळ यात जात असेल, किंवा आंघोळ, नोकरी, शाळा अडत असेल, तर ही भक्ती नव्हे. हा ओसीडी (मंत्रचळ) असू शकतो आणि तो उपचाराने सुधारतो. घरच्यांची चूक इथे फार होते: कौतुक करतात, किंवा “झाला तुझा जप, शुद्ध झालास” असं दर वेळी आश्वासन देतात. आश्वासनाने पाच मिनिटं बरं वाटतं आणि सवय घट्ट होते. माळ बाजूला ठेवा, घड्याळाचा दहा मिनिटांचा गजर लावा, चुकलं तरी पुढे चला, आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. देवाबद्दलचे घाणेरडे विचार आपोआप येणं हे या आजाराचं नेहमीचं लक्षण आहे, पाप नाही. हे वाक्य रुग्णाला एकदा शांतपणे, नीट समजावून सांगा.

तीव्र उदासी. लक्षच लागत नाही, शब्द पोकळ वाटतात, देव दूर गेल्यासारखा वाटतो. ही भक्तीची ओहोटी नसून आजाराचं लक्षण असतं. अशा वेळी ध्यान, मौन, एकांत टाळा. एकांतात मन स्वतःवरच तुटून पडतं. जप पाच मिनिटांवर आणा किंवा नुसतं ऐका, सकाळच्या उन्हात कुणाबरोबर तरी चाला, आणि उपचार सुरू करा. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली डॉक्टरकडे मिळते. एकूण गुण २७. दहा किंवा अधिक आले तर तपासणी हवीच. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर त्याच दिवशी.

अंगात येणं आणि आवाज. देवीच्या उत्सवात, ठरलेल्या प्रसंगी, चारचौघांसमोर अंगात येतं, थोड्या वेळात ओसरतं, आणि ती बाई दुसऱ्या दिवशी शेतात कामाला जाते. याला आजार म्हणायची घाई नको. पण प्रसंगाशिवाय, दिवसेंदिवस, एकटं असताना आवाज येतात, ते हुकूम सोडतात किंवा शिव्या देतात, जेवण-झोप तुटते, घरच्यांवर संशय येतो, तर वेळ दवडू नका. “मला खास कार्यासाठी निवडलं आहे” असं वाटणं, दोन-तीन तास झोपूनही थकवा न येणं आणि दानधर्मात पैसे उधळणं हे एकत्र आलं तर ते उन्मादाचं लक्षण असू शकतं. घरातल्यांना हा माणूस आधी फार भाविक, फार तेजस्वी वाटतो आणि तिथेच मौल्यवान आठवडे जातात.

औषधं, उपास, जागरण, वारी

जप सुरू केला म्हणून गोळी बंद करायची नाही. कुणी बाबा, महाराज तसं सांगत असेल तर तिथून उठा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि बेड्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न येऊन गेले. घरच्या रुग्णाला कुठल्याही देवस्थानी नेऊन सोडून येऊ नका. न्यायचं तर सोबत राहा, औषधं सोबत ठेवा.

लिथियम (बायपोलर आजारावरचं औषध) चालू असेल तर निर्जळी आणि अळणी उपास वर्ज्य. पाणी किंवा मीठ कमी पडलं की रक्तातलं लिथियम चढतं: हात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, तोल जातो, जीभ जड होते. अशी लक्षणं दिसली तर थेट हॉस्पिटल. एकादशी करायचीच असेल तर पाणी आणि मीठ नेहमीइतकंच ठेवा आणि आधी डॉक्टरला सांगा. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनीही विचारूनच उपास धरावा. बायपोलर आजार (कधी उन्माद, कधी तीव्र उदासी) असलेल्यांनी रात्रभराची जागरणं, गोंधळ, अखंड सप्ताहातला रात्रीचा पहारा घेऊ नये. एक-दोन रात्रींची तुटलेली झोप उन्माद पेटवायला पुरते. सप्ताहात दिवसाचा पहारा मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

आळंदी ते पंढरपूर वारीत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणं, पहाटे तीन-चारला उठणं आणि तंबूतली झोप असते. मनाचा आजार आटोक्यात येऊन सहा महिने झाले नसतील तर पूर्ण वारी नको. घराजवळचा एक-दोन दिवसांचा टप्पा चाला. जाणाऱ्याने औषधांचा दुप्पट साठा बरोबर न्यावा, निम्मी स्वतःजवळ, निम्मी दिंडीतल्या दुसऱ्याकडे, चिठ्ठीची झेरॉक्स दोन्हीकडे. झोप आणणाऱ्या गोळ्या घेऊन पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने चालणं धोक्याचं आहे, म्हणून गोळीची वेळ निघण्याआधी डॉक्टरकडून ठरवून घ्या. काही मानसिक औषधांनी घाम येण्याची आणि ऊन सोसण्याची शक्ती कमी होते, त्यामुळे टोपी, पाणी, ओआरएस हवंच.

इगतपुरीसारख्या विपश्यना केंद्रातलं दहा दिवसांचं मौन शिबिर हा वेगळा पल्ला आहे. अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात. तिथे खरं लिहा. प्रवेश नाकारला तर तो अपमान समजू नका, त्या तीव्र एकांतात जुना आजार उसळू शकतो म्हणूनच ते विचारतात.

डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जाताना

जीव द्यायचे विचार, खाणंपिणं पूर्ण सुटणं, आवाज ऐकू येणं, दुसऱ्याला इजा करण्याची भाषा: यांपैकी काहीही असेल तर आधी जप पूर्ण करण्याची वाट बघू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. त्या माणसाला एकटं ठेवू नका. कीटकनाशक, गोळ्या, दोर हाताशी राहणार नाहीत असं बघा. सरकारी सोय पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत आहे, आणि जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची चौकशी करा.

भेटीला जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्या. रोज किती वेळ जप करता आणि तो थांबवला तर भीती वाटते का. महिन्यात कोणते उपास, पाण्यासह की निर्जळी. जागरणं किती. आणि काढा, भस्म, पुड्या, मंतरलेलं पाणी, अंगारा यांतलं काय पोटात जातं. डॉक्टर हसतील म्हणून ही चौथी ओळ लोक गाळतात, आणि औषधांशी टक्कर होते ती बहुधा तिथेच. पुडीचं पाकीट सापडत असेल तर तेच सोबत न्या. झोपेची आणि बेचैनीची वहीसुद्धा दाखवा. डॉक्टर श्रद्धेची टिंगल करत असतील तर डॉक्टर बदला, औषध सोडू नका.